बारा ते दोनचा पहारा

नागनाथच्या पिठाच्या गिरणीमागं, बाभळीच्या बुडाशी, एक लोखंडी डबडं पडलेलं आहे. वरून गंजलेलं, आतून काजळलेलं. सध्या त्यात एका सरड्याचं बिऱ्हाड आहे. बघणाऱ्याला वाटावं, जुन्या पंपाचा तुकडा असेल. पण मी सांगतो, उभ्या महाराष्ट्रात गेल्या वीस वर्षांत जेवढे नवरदेव घोडीवर बसले, त्यातले निम्मे या डबड्याच्या तालावर मांडवात पोचले. लातूरकडची एक घोडी तर या तालावर नाचत नाचत नवरदेवासकट दुसऱ्याच गावच्या मांडवात शिरली आणि तिथल्या नवरीशी त्याचं लग्न लागून गेलं. दोन लेकरं आहेत त्यांना आता. असं सांगतात. सांगतात म्हणजे मीच सांगतो, पण इतक्या वर्षांत इतक्यांना सांगितलंय की आता ते मला बाहेरूनही ऐकू येतं.

परवा त्या डबड्यापाशी उकिडवा बसलो. हात घातला तर सरडा निघून गेला आणि बोटांना काजळी लागली. वास घेतला. इतक्या वर्षांनंतरही त्याला डिझेलचा वास आहे, किंवा मला तसं वाटलं. नाकालाही थापा मारायची सवय लागली असेल. शेवटी घरचंच नाक ते.

आमचं गाव जिंतूरहून येलदरीकडं जाताना रस्ता सोडून आत आहे. आमच्या लहानपणी गावात वीज यायची ती रुसलेल्या जावयासारखी, म्हणून गिरणी डिझेल इंजिनावर होती. नागनाथचे वडील विश्वनाथअप्पा पट्टा चढवून हँडल मारायचे, आणि धुराड्याच्या तोंडावर बसवलेलं हे डबडं बोलायला लागायचं. पुक्, पुक्, पुक्. तो आवाज शिवार ओलांडून धरणाच्या पाण्यावर जायचा. पाण्याला आपटून परत यायचा तेव्हा त्याला मासळीचा वास असायचा. खोटं वाटलं तर वाटू द्या. आवाज सुरू झाला की आळीआळीतून बाया डोक्यावर दळणाची टोपली घेऊन निघायच्या.

नागनाथ आणि मी एका वर्गात, एका बाकावर, आणि शाळा सुटली की गिरणीतल्या एका पोत्यावर. प्रत्येक धान्याची चाल वेगळी असते, हे अख्ख्या जगात आम्हा दोघांनाच माहीत होतं. ज्वारी पडली की इंजिन एक श्वास अडखळायचं आणि मग दुडक्या चालीला लागायचं. गहू पडला की जरा दमात. हरभऱ्याची डाळ टाकली की ते कण्हायचं, पुक्... पुक्..., पाठीवर पोतं घेऊन चढ चढणाऱ्या हमालासारखं. आम्ही डोळे मिटून पैज लावायचो, कुणाच्या घरचं दळण आलंय. नागा कधी हरला नाही. तो तर आवाजावरून सांगायचा की ज्वारीत खडे आहेत आणि ते निवडणाऱ्या सुनेचं सासूशी भांडण झालेलं आहे.

भिंतींवर पिठाचा थर. नागाच्या पापण्यांवर पीठ. गरम ज्वारीच्या पिठाला उन्हात तापलेल्या मातीचा वास यायचा, डाळीच्या पिठाला सणाचा. अप्पा चिमटीत पीठ घेऊन अंगठ्यानं चोळून बघायचे, कानाजवळ नेऊन ऐकायचेसुद्धा. त्यांचं एकच वाक्य होतं, दिवसातून दहादा: "रिकामी गिरणी चालवू नका रे. दाणा नसला की दगड दगडाला खातो."

गाव मला शायर म्हणायचं. तारीफ म्हणून नाही. चौथीत निबंधात मी लिहिलं होतं की आमची म्हैस रोज पहाटे येलदरीच्या धरणातून पोहत पलीकडं हिंगोलीला जाते आणि तिकडं दूध घालून परत येते. गुरुजींनी तो निबंध सगळ्या शाळेला वाचून दाखवला आणि मग मला मारलं. टाळ्या आणि छड्या एकाच दिवशी मिळाल्या. पुढच्या साऱ्या धंद्याची ती बोहनी होती.

मग मी मुंबईला गेलो, नाचायची गाणी लिहिली, ती वाजली, आणि मी परत आलो. परत येऊन तीन वर्षं झाली. पुतण्याच्या खत-बियाण्यांच्या दुकानात बसतो, पोत्यांवरची नावं शेतकऱ्यांना वाचून दाखवतो. आता माझ्या वाचण्याला यमक नसतं. या तीन वर्षांत मला या गावाकडून एकच गोष्ट पाहिजे होती आणि ती नागनाथच्या हातात होती: शिवनाम सप्ताहातला बारा ते दोनचा पहारा, जो मी वीस-बावीस वर्षांपूर्वी अर्ध्यावर टाकून गेलो.

*

महाशिवरात्रीच्या आधी सात दिवस आमच्या मठात सप्ताह बसतो. हरभरे घाट्यावर आलेले असतात, करडई पिवळी पडून टोचायला लागलेली असते, ज्वारीच्या काढणीची घाई असते. त्या सात दिवसांत मठातली वीणा जमिनीला टेकवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. वीणा गळ्यात, पाय उभे, तोंडात शिवाचं नाम. वीणा गळ्यात असेपर्यंत नामाशिवाय दुसरा शब्द काढायचा नाही, तहान लागली तरी खुणेनं पाणी मागायचं. पहारा बदलताना येणारा वाकून वीणेकऱ्याच्या पायांना हात लावतो, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, आणि मग देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो. वय बघत नाहीत. मी सतरा वर्षांचा असताना सत्तर वर्षांचे शंकरकाका माझ्या पाया पडलेत, आणि मला तीन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं.

बेलाच्या पानांचा कडसर वास, भस्माचा वास, मागच्या अंगणात हुग्गीची कढई. तिच्यात गहू, गूळ आणि सुंठ शिजताना जो वास सुटायचा त्यानं पहाऱ्याला उभ्या राहिलेल्या माणसाचं नाम चुकायचं. मी तर एकदा शिवाच्या जागी सुंठीचं नाव घेतलं होतं.

आणखी एक रीत आहे. अर्धा सोडलेला पहारा वाऱ्यावर जात नाही. ज्यानं सोडला त्यानं पुढं कधीतरी त्याच वेळेला, त्याच खांबापाशी उभं राहून तो पुरा करायचा. दुसऱ्या गावांत असं असतं का, माहीत नाही. आमच्या गावाला माणसाला मोकळं सोडायची सवयच कमी.

मी गेलो त्या वर्षी सहाव्या दिवशी बारा ते दोन माझा पहारा होता. मुंबईच्या एका कॅसेटवाल्या सेठच्या निरोपाची मी आठ दिवसांपासून वाट बघत होतो. माझी गाण्यांची वही त्याच्यापर्यंत कशी गेली, ही मोठी कहाणी आहे आणि ती मी आठ प्रकारे सांगतो. आज एकाही प्रकारानं सांगायचा कंटाळा आलाय. कपड्यांची पिशवी सकाळीच मठातल्या खांबामागं ठेवलेली होती, एवढं खरं.

वीणा गळ्यात घेऊन पंधरा मिनिटं झाली असतील. टेलिफोनच्या टपरीवाला दारात आला आणि त्यानं मुंबईच्या दिशेला हात केला. नागा पायरीवर बेल निवडत बसला होता. मी त्याला खुणेनं बोलावलं. तो पाया पडला, वीणा घेतली. मी त्याच्या पाया पडलो. वीणा उतरली तशी मला बोलायची मुभा मिळाली, आणि मी मुभेचा उपयोग नेहमीसारखाच केला.

"जिंतूरला जाऊन आलोच," म्हणालो. "दोनच्या आत."

खांबामागची पिशवी मी बगलेत घेतली. नागानं पिशवीकडं बघितलं. मग माझ्याकडं. त्याच्या गळ्यात वीणा होती, नामाशिवाय शब्द काढायचा नव्हता. तरी त्यानं काढला.

"जा तू. मी हितंच उभा हाय."

साडेबाराच्या यष्टीनं मी गेलो. परभणीहून रेल्वेनं पुढं. डब्यात दारापाशी दोन पोत्यांमधल्या फटीत उभा होतो, आणि रुळांच्या खाली कुठंतरी अप्पांची गिरणी चालली होती, ज्वारीची चाल. त्या चालीवर नागाचं वाक्य आपोआप बसलं. मनमाड येईपर्यंत गाणं झालं होतं. एवढं सोपं गाणं मला पुन्हा कधी सुचलं नाही.

*

'रेंज येईना तुझ्या गल्लीत, हाक मारू कशी गं. तू ये, न्हाई तर नको येऊ, मी हितंच उभा हाय.'

नवे नवे मोबाइल आले होते तेव्हा. गाणं असं वाजलं की काय सांगू. लोक सांगायचे, परभणीच्या बाजारात एका दुकानात कॅसेट लावली की समोरचा ऑटोवाला ऑटोसकट डोलायचा. येलदरीचे मासे वर येऊन बघायचे. सेठ खूश झाला. त्यानं त्या गाण्याचा दुसरा भाग काढला, तिसरा काढला, मग हळदीचा वेगळा, वरातीचा वेगळा, गणपतीचा वेगळा. एका निवडणुकीत तर उमेदवारानंच ते वाक्य मागून नेलं. तो पडला, पण गाणं उभं राहिलं.

स्टुडिओच्या भिंतींना स्पंज लावलेला असायचा. आत शिरलं की कान बधिर व्हायचे, जणू कुणी डोक्यावर गोधडी टाकली. बाहेरचं काहीच आत येत नसे, ना पाऊस, ना भोंगा, ना माणूस. तिथला एक पोरगेला मशीनवाला गाणाऱ्याचा श्वास कापून टाकायचा. दोन ओळींच्या मधे गाणारा दम घेतो ना, तेवढाच तुकडा काढून फेकायचा. "सर, साफ वाटतं," म्हणायचा. मला वाटायचं, हे सगळे कापलेले श्वास कुठं जात असतील. एखाद्या संध्याकाळी त्यांची कचऱ्याची पाटी उपडी केली तर खोलीत केवढा मोठा सुस्कारा ऐकू येईल.

सेठला शब्दात पंच लागायचा. मी दिला. एका दुपारी तीन गाणी, असा माझा लौकिक होता. मी बाहेर सात सांगायचो. मुलींची नावं संपली तेव्हा मी गावाकडच्या शेळ्यांची नावं वापरली, कुणाला कळलं नाही. आणि प्रत्येक मैफलीत, प्रत्येक नव्या माणसाला मी नागाची गोष्ट सांगायचो. माझा दोस्त माझ्यासाठी वीणा घेऊन दोन तास उभा राहिला, असं सुरुवातीला सांगितलं. पुढं एक दिवस झाला. मग तीन दिवस झाले. शेवटी शेवटी तो सप्ताह संपून मठाला कुलूप लागलं तरी उभा होता, त्याच्या पायांना वाळवी लागली, आणि खांद्यावर चिमणीनं घरटं केलं. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. माझेही यायचे. मग मी पुढच्या गाण्याला बसायचो.

पत्र एकदाही टाकलं नाही. फोन गावात आले, नागाकडंही आला. मी केला नाही. चिमणीचं घरटं एवढं वर गेल्यावर खाली उतरून साधं 'कसा हाईस' विचारायला तोंड राहत नाही.

मी धंदा का सोडला, याची माझ्याकडं सात उत्तरं आहेत. न्हाव्याला सांगितलं, डॉक्टरनं आवाजापासून लांब राहायला सांगितलंय. पुतण्याला सांगितलं, आता गाणी कॉम्प्युटर लिहितो. गुरुजींच्या मुलाला सांगितलं, सेठच्या डोक्यात पेटी घातली आणि पळून आलो. त्याला ते उत्तर फार आवडलं, अजून लोकांना सांगतो. सातही उत्तरं चांगली आहेत. त्यांच्या खाली एक दुपार आहे फक्त. मशीनवाल्यानं माझा जुना ठेका घेऊन त्याचं चक्र लावलं होतं. पुक्, पुक्, पुक्. मी डोळे मिटून वाट बघत बसलो की आता दाणा पडेल आणि ते अडखळेल. ते अडखळलं नाही. दुपारभर अडखळलं नाही. एका मापानं चालत राहिलं, रिकामं. मला अप्पांच्या चिमटीतलं पीठ आठवलं. इतका थकवा आला की पायातली चप्पल दुसऱ्याची वाटायला लागली. उठलो, पाणी प्यालो, आणि परत आत गेलोच नाही.

*

गावात उतरलो तेव्हा आधी गिरणीवर गेलो. अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली होती. इंजिन भंगारात गेलेलं. आता विजेची मोटर आहे. ती नुसती हूं करते, ज्वारीला पण हूं, डाळीला पण हूं. नागनाथ पोत्यावर वाकून पीठ भरत होता. केस पिकलेत की पीठ आहे, कळेना.

"आलास?" म्हणाला.

"आलो."

"किती दिवस?"

"आता हितंच."

त्यानं माझ्याकडं न बघता पोत्याचं तोंड आवळलं. "बघू," म्हणाला.

सप्ताहाच्या पहाऱ्यांची यादी त्याच्याकडं असते. मठातल्या फळ्यावर तो खडूनं नावं लिहितो. पहिल्या वर्षी मी म्हणालो, "नागा, माझा पहारा राहिलाय." तो म्हणाला, "बघू." फळ्यावर माझं नाव आलं नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. पानाच्या टपरीवरचा माधव, ज्याला दुसऱ्याच्या दुखण्यावर चुना लावल्याशिवाय पान लावता येत नाही, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "शायर, तुमचं नाव गावोगावच्या डीजेवर हाय की. मठाच्या फळ्यावर कामून पाहिजे?"

"डीजेवरच्या नावाला वाळवी लागती म्हणून," मी म्हणालो. सगळे हसले. हसवायला मला अजून जमतं. जीभ दुकान बंद झालं तरी पाटी उतरवत नाही.

यंदा फळ्यावर सहाव्या दिवशी बारा ते दोनच्या पुढं नागानं स्वतःचं नाव लिहिलं. मी ते वाचलं आणि दुकानात येऊन बसलो. चिडलो म्हणावं तर तेवढी ताकद नव्हती. सहाव्या दिवशी सकाळी सुमनवहिनी, नागाची बायको, दुकानात आल्या. काही घेतलं नाही. पदरानं कपाळ पुसत उभ्या राहिल्या.

"भावजी, त्यायच्या पायात चप्पल सुदीक जाईना गेलीय. डॉक्टर म्हणायलेत उभं राहू नका. अन् हे म्हणायलेत, आज मी उभा राहणार म्हणजे राहणार."

"माझं ऐकतो का तो, वहिनी?"

"न्हाई ऐकत. तुमी बोलू नका काही. नुसतं दिसा तिथं."

*

मठात ऊन दारापर्यंत आलेलं होतं. आत चार-दोन म्हातारी माणसं, पोथीपुढं एक समई, मागून हुग्गीचा वास. नागा खांबापाशी उभा होता, गळ्यात वीणा, एक हात खांबावर. पाय मी पहिल्यांदा नीट बघितले. घोटे दिसत नव्हते. पाण्यात राहिलेल्या भाकरीसारखे ते जमिनीवर पसरले होते. तो नाम घेत होता आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता.

मी दारात उभा राहिलो. त्यानं मला बघितलं आणि नाम घेत राहिला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मोठा काटा तीनावर आला, सव्वाबारा झाले, आणि नागानं बोटानं मला बोलावलं.

मी वाकलो. त्याच्या पायांना हात लावला तर बोटांचे खळगे तसेच राहिले. वीणा माझ्या गळ्यात आली. तिच्या पट्ट्याला त्याच्या मानेचा घाम आणि पिठाचा वास होता. आता त्यानं माझ्या पाया पडायचं होतं. त्याला वाकता येईना. मग तो भिंतीला धरून आधी खाली बसला, आणि बसल्या बसल्या सरकत येऊन त्यानं माझ्या पायांना हात लावला.

"तुझी पंधरा मिनिटं त्या दिवशीच झालेली हाईत," म्हणाला. "उरलेली कर."

माझ्या तोंडात शंभर शब्द आले. वीणा गळ्यात होती. मी नाम घेतलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी एवढा वेळ गप्प होतो आणि नागा बोलत होता. आधी तो बसल्या जागी पायांची बोटं दाबत राहिला. मग बाहेरून धप् धप् यायला लागलं. गावात लग्न होतं, आणि नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची वरात, मारुतीच्या दर्शनाला निघाला होता, पुढं डीजेची गाडी. मठाची घंटा आपोआप किणकिणायला लागली; हे मी फुगवून सांगत नाही. गाडी मठासमोर आली आणि गाणं लागलं. माझं. नवीन बाईचा आवाज, नवीन ठेका, श्वास सगळे कापलेले. 'तू ये, न्हाई तर नको येऊ, मी हितंच उभा हाय.' माधव टपरी सोडून घोडीपुढं नाचत होता.

नागा भिंतीला टेकून ऐकत होता. गाडी पुढं गेली तेव्हा म्हणाला, "गाणं चांगलं हाय तुझं."

मी नाम घेतलं.

"मला लोक सांगायचे, तू तिकडं सांगतूस मी तीन दिवस उभा होतो म्हणून. आठ दिवस म्हणून." तो हसल्यासारखा झाला. "दोन वाजता शंकरकाका आले. त्यायला वीणा दिली, घरी गेलो, भाकर खाल्ली अन् झोपलो. तेवढंच. तू मला लय उभं केलंस, लेका."

बावीस वर्षांचं चिमणीचं घरटं माझ्या डोळ्यांपुढं खाली आलं. आत काही नव्हतं.

"पिशवी बघितली होती मी," तो म्हणाला. "दोन तासाला जिंतूरला कोण सदरे घेऊन जातंय?" त्यानं पाय पुढं पसरले, गुडघे चोळले. "उभं राहण्याचं काही न्हाई. पण साडेचारची यष्टी यायची का, मी गिरणी थांबवून फाट्यावर जायचो. अप्पा शिव्या द्यायचे, दळण अर्धं टाकून कुठं जायलास म्हणून. बाया बोंबलायच्या. यष्टीतून उतरणारे उतरायचे. मग मी परत यायचो, हँडल मारायचो. किती दिवस ते नको विचारू."

विचारता येतच नव्हतं. पहारा बदलल्यावरही मी विचारलं नसतं.

"अन् तीन वर्षं तुझं नाव लिहिलं न्हाई ते रागानं न्हाई. राग कवाच दळून झाला. नाव लिहिलं असतं अन् तू ऐन वेळंला आला नसतास, तर परत मलाच उभं राहावं लागलं असतं." त्यानं पायांकडं बघितलं. "ते आता व्हत न्हाई, शायर."

मी नाम घेत राहिलो. ऊन दारातून सरकत पोथीपर्यंत गेलं. एक वाजला तेव्हा माझ्या टाचा पेटल्या, दीडला कंबर गेली, पावणेदोनला मला खात्री झाली की माझ्याही पायांना वाळवी लागायला लागली आहे. पुढचा पहारा माधवचा होता. दोन वाजले. माधव आला नाही. नवरदेवाबरोबर मांडवात गेला असणार, आणि मांडवात जेवल्याशिवाय परत येणाऱ्यांतला तो नाही. दोन वाजून पाच, दहा मिनिटं झाली. माझे पावणेदोन तास भरले होते. एका म्हाताऱ्यानं खुणेनं विचारलं, कुणाला बोलवू का. मी मान हलवली.

नागा भिंतीला डोकं टेकून झोपला होता. तोंड थोडं उघडं. बाहेर डीजे बंद झालेला, अक्षता पडत असाव्यात. इतकं शांत झालं की त्याचा श्वास ऐकू येत होता. मी ऐकत राहिलो. तो आत जाताना जरा अडखळायचा, मग संथ बाहेर यायचा, पुन्हा अडखळायचा. हरभऱ्याची चाल. मी माझं नाम त्या चालीवर आणलं.

अडीच वाजून गेले असतील. नागाचे डोळे मिटलेलेच होते. झोपेतून की जागेपणी, सांगता येत नाही, त्यानं विचारलं, "शायर... हाईस का?"

ते वाक्य जिभेवर आलं. अख्ख्या महाराष्ट्राला पाठ असलेलं, मी शेकडो वेळा कागदावर उतरवलेलं. वीणा गळ्यात होती. मी तार एकदा छेडली.

"हं," नागा म्हणाला, आणि मान दुसऱ्या बाजूला टाकून पुन्हा झोपला.